थडग्यातली सुपारी

१८२६ साली पॅरिसमध्ये जुझेप्पे पासालाक्वा नावाच्या माणसानं इजिप्तहून आणलेल्या वस्तूंचं प्रदर्शन मांडलं. हा मूळचा त्रिएस्तचा. इजिप्तला गेला होता घोड्यांच्या व्यापारासाठी. तो काही जमला नाही, तेव्हा त्यानं थडगी उकरायला घेतली. त्या काळात त्यात कुणाला काही गैर वाटत नसे. पेटारेच्या पेटारे भरले आणि विकायला युरोपात आणले. पण या माणसात एक गुण होता. ममी आणि मूर्ती तर सगळेच आणत. यानं मेलेल्या माणसाच्या उशापायथ्याशी ठेवलेलं खाणंपिणंही जपून आणलं. वाळकी फळं, बिया, पाव. आणि हे नक्की काय आहे ते सांगा म्हणून ते सगळं जाणकारांपुढे ठेवलं.

वनस्पतींचे जाणकार होते कार्ल सिगिस्मुंड कुंथ. हुम्बोल्टनं दक्षिण अमेरिकेतून आणलेल्या झाडाझुडपांची वर्गवारी करत ते तेव्हा पॅरिसमध्येच होते. त्यांच्या हाती त्या ढिगातलं एक फळ आलं. लांबट, सालपट वाळून चिकटलेलं, आत टणक बी. कुंथ यांनी त्याला नाव दिलं ‘अरेका पासालाक्वे’. अरेका म्हणजे आपल्या सुपारीचं कुळ. फॅरोंच्या देशातल्या थडग्यात त्यांना सुपारी सापडली होती!

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसले, आणि लगेच कुंथसाहेबांची बाजूही घ्यावीशी वाटली. माझं माहेर श्रीवर्धनचं. दारात समुद्र, मागे पोफळीचं आगर. आमच्याकडची रोठा सुपारी नावाजलेली, कारण तिच्यात पांढरा भाग जास्त. आजी दुपारी जेवणं झाली की पानाचं तबक पुढे ओढायची, अडकित्त्यात सुपारी धरायची आणि कट्‌ आवाज झाला की पहिलं खांड उजेडाकडे धरून बघायची. पांढऱ्यावर तपकिरी रेषांची वेलबुट्टी कशी उतरली आहे, त्यावरून ती सुपारीची जात, वय आणि बहुधा विकणाऱ्याची नियतसुद्धा ठरवायची. ही वेलबुट्टी म्हणजे बियांच्या सालीनं आतल्या गरात घातलेल्या घड्या. जायफळात त्या असतात, सीताफळाच्या बीत असतात. ताडकुळातल्या बऱ्याच झाडांच्या बिया मात्र आतून एकसारख्या, कोऱ्या पांढऱ्या. त्यामुळे ताडकुळातलं म्हणावं असं एखादं बी फोडलं आणि आत अशी नक्षी दिसली, तर मनात सुपारी येणारच. आजीला ते खांड दाखवलं असतं तर तिनंही सुपारीच म्हटलं असतं. फार तर नाक मुरडून म्हणाली असती, जुनी आहे.

तशी ती होतीच. ही फळं इजिप्तच्या थडग्यांत सापडतात ती पाचव्या राजवंशापासूनची, म्हणजे साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वीपासूनची.

सुपारी ठेवायची कशासाठी, हे आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. चौरंगावर तांदळाच्या पुंजीवर ठेवली की ती गणपती होते. यजमानाची बायको हजर नसेल तर सुपारी कमरेला लावून पूजेला बसता येतं. लग्न ठरतं तेव्हा ती फोडतात. ती खायची वस्तू आहे, पण खाण्यापलीकडची तिची कामं जास्त मोलाची. थडग्यातल्या त्या फळाचंही मला असंच काही असावं असं वाटतं. त्याला गर म्हणावा असा गर नाही, बी तर दगड. पोट भरायला शेजारी खजूर होतेच, अंजिरं होती. तरी कुणीतरी मूठभर हीही फळं आणून ठेवत होतं, आणि हे शेकडो वर्षं चाललं होतं.

युरोपातल्या वनस्पतिशास्त्राला या झाडाची ओळख झाली ती अशी, मेलेल्या फळावरून. जिवंत झाड कुठे आहे याचा त्यांना पत्ताच नव्हता. पुढे व्युर्टेंबर्गचा राजपुत्र पॉल विल्हेल्म नाईलच्या वरच्या अंगाला, न्यूबियाच्या, म्हणजे दक्षिण इजिप्त आणि उत्तर सुदानच्या, वाळवंटात भटकून आला आणि त्याच्याबरोबर ही गोष्ट उलगडू लागली. १८४५ मध्ये मार्टियस यांनी झाडाला डूम नावाच्या तिकडच्या ताडाच्या कुळात घातलं, ‘अर्गून’ हे वाळवंटातल्या लोकांचं नाव कायम ठेवून. १८८१ मध्ये हर्मान वेंडलांड यांनी त्याला स्वतःचं घर दिलं: मेडेमिया अर्गून. त्या घरात आजतागायत हे एकच झाड राहतं. दुसरी जात नाही.

सुपारीशी त्याचं नातं लांबचं निघालं, ताडाशी जवळचं. पानं पंख्यासारखी पसरलेली, निळसर राखाडी, वरून मेण चढल्यासारखी. देठांना काटे. खोड सरळ, एकच, न फुटणारं. याचा सख्खा चुलतभाऊ डूम मात्र फांद्या फोडतो. आपल्याकडे दीवपासून वसईपर्यंतच्या किनाऱ्यावर जो दुबेळक्याचा रावणताड दिसतो तो त्याच डूमच्या घरातला. आपला ताडगोळ्यांचा ताड याच गोतावळ्यातला आणि फकिरांच्या हातातलं ते काळं कमंडलू ज्याच्या कवटीचं असतं तो दर्याचा नारळही. म्हणजे पाहुण्यांची यादी केली तर आपल्या ओळखीचे बरेच निघतात. अर्गून तेवढा कुणाच्या लग्नाकार्याला न येणारा.

मी इजिप्तला गेले ती आपल्याकडच्या एका टूरबरोबर. बसमध्ये चिवडा फिरत होता, गाईड पिरॅमिडांची उंची सांगत होता आणि मागच्या सीटवर ‘अहो, सावलीत कुठे उभं करतील का’ असं चाललं होतं. आस्वानला शिडाच्या होडीतून नाईलमधल्या एका बेटावर नेतात. तिथली बाग लॉर्ड किचनरनं लावलेली; हाच किचनर पुढे हिंदुस्थानचा जंगी लाट, म्हणजे सरसेनापती, झाला. बागेत देशोदेशीचे माड आणि ताड आहेत, आमच्यातल्या कुणालातरी तिथे आपला आंबा पण दिसला आणि सगळे त्याचेच फोटो काढत बसले. संध्याकाळी बाजारात मसाल्यांच्या ढिगांशेजारी डूमची फळं होती, तपकिरी, गुळगुळीत, मुठीएवढी. दुकानदारानं एक फोडून दिलं. वरचा कोरडा गर कुरतडून खायचा, गूळ आणि सुंठीची चव. आतलं बी इतकं कठीण की त्याची पूर्वी बटणं करत. मी त्याला अर्गूनबद्दल विचारलं. गाईडनं भाषांतर केलं. दुकानदारानं दक्षिणेकडे हात केला आणि खांदे उडवले. त्या दिशेला न्यूबियाचं वाळवंट आहे, तेव्हा उत्तर बरोबरच होतं.

लक्झरला नाईल ओलांडून पश्चिमेला गेलं की राजांच्या दरीकडे जाताना शेख अब्द अल-कुर्ना ही टेकडी लागते. तिच्यात फॅरोंच्या दरबारी माणसांची थडगी आहेत. टूरच्या बसला तिथे थांबायला वेळ नसतो. मी काचेतून टेकडीकडे बघत राहिले, कारण त्यांतलं ८१ क्रमांकाचं थडगं इनेनीचं.

इनेनी हा आपल्या भाषेत सांगायचं तर सरकारी बांधकामखात्याचा सर्वेसर्वा. पहिला थुतमोस राजा असताना त्याचं थडगं कोरून घेण्याचं काम याच्याकडे होतं. ते आपण एकट्यानं पाहिलं, ‘कुणी बघितलं नाही, कुणी ऐकलं नाही,’ असं त्यानं भिंतीवर लिहून ठेवलंय. साडेतीन हजार वर्षांनंतरही वाचणाऱ्याला त्यातला रुबाब कळतो. पण मला इनेनी आवडतो तो त्याच्या बागेमुळे. नोकरीत मिळालेल्या मानमरातबाबरोबर त्यानं आपल्या बागेतल्या झाडांची मोजदादही थडग्यात लिहून ठेवली. उंबराच्या कुळातले सायकॅमोर ७३. खजूर १७०. डूम १२०. द्राक्षाचे वेल १२, डाळिंबं ५. आणि अर्गून १.

मी या एकावर फार वेळ अडकले आहे.

दुर्मीळ झाडाबद्दल लिहिताना आपली लेखणी एका ठरलेल्या वाटेनं जाते. पूर्वी कसं सगळीकडे होतं, माणसानं कसं तोडलं, आता कसं संपत चाललंय. बहुतेक झाडांच्या बाबतीत ते खरंच असतं, त्यामुळे हात आपोआप तिकडे वळतो. पण अर्गूनच्या बाबतीत इनेनी मधे उभा राहतो. इजिप्तचं राज्य ऐन भरात होतं, न्यूबियातून सोनं, हस्तिदंत, शहामृगाची पिसं येत होती. या माणसाच्या शब्दावर हजार मजूर कामाला लागत. त्याला झाडांचा इतका नाद की खजूर शंभराच्या वर लावले. आणि त्याच्या बागेत अर्गून एकच होतं. मला वाटतं त्यानं ते मुद्दाम मोजलं. १७० खजुरांची संख्या हे वैभव झालं. अर्गूनचा एक हे वैभवच, पण वेगळ्या जातीचं. म्हणजे ते झाड तेव्हाही सहज मिळत नव्हतं.

मिळणार कसं? सहारा एके काळी हिरवा होता, हे आता शाळेतही शिकवतात. पाऊस पडत होता, तळी होती, गुरं चरत होती. साधारण पाच हजार वर्षांपूर्वी पाऊस दक्षिणेला सरकला आणि वाळू पसरली. माणसं नाईलच्या काठाला आली. अर्गून आला नाही. तो वाळवंटातल्या कोरड्या ओढ्यांच्या, तिकडच्या भाषेत वादींच्या, तळाशी राहिला, जिथे जमिनीखाली थोडं पाणी टिकून होतं. इनेनी जन्मला तेव्हाच हे होऊन दीड हजार वर्षं लोटली होती. ज्याला आपण ‘संपत आलेलं झाड’ म्हणतो ते इजिप्तच्या लिखित इतिहासात बहुधा कधी मुबलक नव्हतंच. संपण्याच्या काठावर ते पिढ्यान्‌पिढ्या बस्तान मांडून बसलेलं आहे.

कोकणात वाढलेल्या मुलीला हे सहज समजलं नसतं. पोफळीला आमच्याकडे तीन हजार मिलिमीटर पाऊस मिळतो आणि पाऊस गेला की शिंपणं लागतं, तरी ती उन्हानं करपायला तयारच. लग्न होऊन मी माण तालुक्यात आले तेव्हा पहिल्या उन्हाळ्यात मला वाटलं, इथे झाडं नाहीतच. आहेत ती बोरी-बाभळी, लिंब. मग हळूहळू सासऱ्यांच्या नजरेनं बघायला शिकले. आबा कुठलंही शिवार बघताना आधी झाडं बघतात. ऐन मे महिन्यात एखादा उंबर हिरवा दिसला की त्यांचे डोळे त्याच्या बुंध्याशी जातात. खाली पाणी आहे. ही विद्या जुनी आहे; वराहमिहिरानं बृहत्संहितेत झाडांवरून पाणी कसं ओळखावं याचा एक आख्खा अध्याय लिहिलाय, आणि त्यात वारूळ लागलेल्या ताडाचाही दाखला आहे. न्यूबियातला उंटवाला अर्गून बघून तेच ओळखत असणार. आस्वानला वर्षाला सरासरी मिलिमीटरभर पाऊस पडतो. कित्येक वर्षं तेवढाही नाही. तिथे एखादं झाड उभं आहे म्हणजे त्यानं पाणी शोधलेलं आहे, यापेक्षा पक्का पुरावा कुठला देणार?

ते शोधतं कसं, तर जन्मापासून. या गोतावळ्यातल्या बियांची रुजण्याची रीत न्यारी आहे. बी जमिनीवर पडलेलं असतं, त्यातून एक जाड देठ फुटतो आणि तो वर यायच्या ऐवजी सरळ खाली जातो. गर्भ त्याच्या टोकाशी. बी वरच राहतं आणि खाली चाललेल्या कोंबाला शिदोरी पुरवत राहतं. खाली ओल लागली, मुळं धरली, की मग पहिलं पान वरचा रस्ता पकडतं. ती शिदोरी म्हणजेच तो कठीण गर, ज्यातल्या नक्षीनं कुंथसाहेब फसले.

१९६० च्या दशकात आस्वानचं मोठं धरण बांधलं जात होतं. न्यूबिया पाण्याखाली जाणार म्हणून अबू सिंबलची देवळं कापून वर न्यायची धावपळ चालली होती, आणि देवळांइतका बोलबाला नसला तरी वनस्पतींचे अभ्यासकही त्या भागात फिरत होते. १९६३ मध्ये लुत्फी बूलोस हे तरुण अभ्यासक नाईलच्या पश्चिमेला, दुंगुल नावाच्या निर्मनुष्य मरूद्यानात पोचले आणि तिथे अर्गून उभा होता. इजिप्तच्या हद्दीत जिवंत अर्गून! हजारो वर्षांपूर्वी ज्या देशानं त्याची फळं थडग्यात ठेवली, त्या देशाच्या वनस्पतींच्या यादीत तो अशा रीतीनं दाखल झाला. मला बूलोस यांचा हेवा वाटतो. पुढे त्यांनी इजिप्तच्या सगळ्या वनस्पतींवर चार खंडांचा ग्रंथ लिहिला, पण त्यांच्या जागी मी असते तर आयुष्यभर दुंगुलचीच गोष्ट सांगत बसले असते.

सुदानमधल्या झाडांबद्दल मात्र बाहेरच्या जगाला बराच काळ बातमी नव्हती. काहींनी तर तो संपला असंच धरलं. १९९५ मध्ये मार्टिन गिबन्स आणि टोबियास स्पॅनर हे ताडवेडे दोघे उत्तर सुदानच्या वाळवंटात गेले आणि त्यांना तो सापडला. नुसती झाडं नव्हे, पिकलेली जांभळी, चकचकीत फळंही. या शोधाला ‘पुनर्शोध’ म्हणतात ते ठीक. ज्यांच्या उंटांच्या दोऱ्या त्याच्या पानांच्या वळलेल्या होत्या त्यांच्यासाठी तो हरवला कधी होता, हा प्रश्न मी इथे फार ताणणार नाही, कारण त्याच दोऱ्यांत झाडाची अडचणही आहे. अर्गूनचं पान चिवट. चटया, दावी, दोर यासाठी त्याला मागणी. मधला कोवळा सुरळीचा भाग पुन्हा पुन्हा कापला की झाड खुरटतं, फुलोऱ्यावर येतच नाही. मैलोन्‌मैल दुसरं काही उगवत नसताना उंट बांधायला दावं कशाचं करायचं, हे त्या माणसाला आपण इथे बसून काय सांगणार? मला त्याला दोष देववत नाही. त्या भागात अलीकडे सोनं काढणाऱ्यांची जी झुंबड उडाली आहे तिची मला जास्त धास्ती वाटते. दोर वळणारा माणूस झाड राखून ठेवतो, कारण त्याला पुढल्या वर्षीही पान लागणार असतं. आणि २०२३ च्या एप्रिलपासून सुदानमध्ये जे युद्ध पेटलं, त्यात झाडं मोजायला जाणार कोण?

गिबन्स-स्पॅनर यांनी आणलेलं बी मात्र जगभर गेलं. उष्ण आणि कोरड्या मुलखांतल्या हौशी लोकांनी, वनस्पती उद्यानांनी ते रुजवलं. खोल कुंड्या केल्या, कारण साध्या कुंडीत कोंब तळाला जाऊन धडकतो. चार हजार वर्षांत पहिल्यांदाच या झाडाला वाळवंटाबाहेर असा विस्तार मिळाला असावा, आणि तो दिला कुणी, तर टपालानं बिया मागवणाऱ्या छंदिष्टांनी. मला हे पटतं. सरकारी योजनांपेक्षा वेड्या माणसांनी वाचवलेल्या गोष्टी जास्त असतात असा माझा जुना समज आहे. इनेनी त्यांचाच पूर्वज.

एका अडचणीकडे मात्र या हौशी लोकांना लक्ष द्यावं लागतं. अर्गूनमध्ये नर झाड वेगळं, मादी वेगळी. फुलोरा येईपर्यंत कोण कोण ते कळत नाही. एकट्या झाडापासून रुजणारं बी धरायची आशा नाही.

हे सगळं मी एका संध्याकाळी आबांना सांगत होते. त्यांनी नव्वदी गाठायला घेतलीय, कान थोडे गेलेत, पण झाडाची गोष्ट असली की खुर्ची पुढे ओढतात. थडगी, राजे, युरोपातले पंडित यात त्यांना रस नव्हता. बी खाली कसं जातं ते त्यांनी दोनदा विचारून घेतलं. पानाचा दोर किती टिकतो, तेही. मग म्हणाले,

“मग मागव की बी. बांधाला लावू.”

“आबा, परदेशातून बी आणायचं तर परवानग्या लागतात, तपासणी लागते.”

“लागंना. पर एक लावून भागायचं न्हाई. नर-मादी कळत न्हाई म्हणतीस, तवा चार-दोन तरी लावाय पायजेत.”

मी म्हटलं, परवानगीचं सोडा, इथे ते जगेल का हीच शंका आहे. आपल्याकडे साडेचारशे-पाचशे मिलिमीटर पाऊस पडतो. काळी जमीन पाणी धरून ठेवते. एवढ्या ओलीची त्याला सवय नाही, मुळं कुजायची.

आबांनी खुर्ची मागं सारली. सात दुष्काळ पचवलेला माणूस, त्यांना हे नीट ऐकू आलंय की नाही म्हणून मी पुन्हा सांगणार, तेवढ्यात तेच म्हणाले,

“म्हंजी आमचा दुष्काळबी त्याला पुरंना म्हण की.”